सुटकेनंतरचे दोन आठवडे

अंमली पदार्थांविषयीची सार्वजनिक चर्चा बहुधा दोनच ठिकाणी घुटमळते. एक म्हणजे सुरुवात: मूल या वाटेला लागले कसे, संगत कुणाची होती, घरच्यांचे लक्ष कुठे होते. दुसरे म्हणजे जप्ती: किती किलो माल पकडला, बाजारात त्याचे मोल किती, किती जण गजाआड गेले. या दोहोंच्या मधली जी लांबच लांब वर्षे असतात, ज्यांत माणूस उपचार घेतो, सोडतो, पुन्हा घेतो, त्यांच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. मृत्यू मात्र बहुतांशी याच वर्षांत होतात, आणि त्यांतही त्यांची दाटी होते ती एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे नशा थांबल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. व्यसन उलटणे, म्हणजे सोडलेली नशा पुन्हा सुरू होणे, हा या आजाराचा नित्याचा भाग आहे, हे वैद्यकशास्त्राला पुरते ठाऊक आहे. तरीही उपचार केंद्रे, तुरुंग, न्यायालये आणि घरे या सगळ्यांची रीत अशी आहे की, व्यसन उलटले की माणसाला दार दाखवायचे. मला ही रीत निव्वळ निर्दय वाटत नाही, ती जीवघेणी वाटते.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थविषयक कार्यालयाच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे २९ कोटी २० लाख लोकांनी कोणता ना कोणता अंमली पदार्थ घेतला, आणि हा आकडा दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेला होता. यांत गांजा व त्याच्या इतर प्रकारांचे सेवन करणारे सर्वाधिक, तर अफूवर्गीय पदार्थ (अफूपासून बनलेले किंवा तिच्यासारखेच काम करणारे, उदा. हेरॉइन) घेणारे सुमारे सहा कोटी होते. मात्र यांपैकी ज्यांचे सेवन आजाराच्या पातळीला पोहोचले होते, असे लोक सुमारे ६ कोटी ४० लाख. म्हणजे घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना व्यसन जडत नाही. ही गोष्ट प्रबोधनाच्या व्याख्यानांत सांगितली जात नाही. सांगितली तर मुले बिघडतील अशी भीती असते. पण मुलांना ती अवतीभवती दिसत असतेच, आणि ‘एकदा घेतलेस की संपलास’ असे सांगणाऱ्यावरचा त्यांचा विश्वास तेवढ्यावरच उडतो. मग हाच वक्ता जेव्हा बनावट गोळीतल्या फेंटानिल या अतिशय तीव्र कृत्रिम अफूवर्गीय पदार्थाविषयी खरे सांगतो, तेव्हा तेही कुणी मनावर घेत नाही. त्याच अहवालातली माझ्या मते सर्वांत बोलकी संख्या वेगळीच आहे. आजाराच्या पातळीवरच्या अकरा जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतो. पुरुषांत हे प्रमाण सातांत एक, तर स्त्रियांत अठरांत एक आहे.

(येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ मध्ये अंमली पदार्थांमुळे सुमारे सहा लाख, तर दारूमुळे सुमारे सव्वीस लाख मृत्यू झाले. तंबाखूचा आकडा त्याहूनही मोठा आहे. कायद्याने कोणत्या नशेला कोणत्या रांगेत बसवले आहे, यावरून तिच्या घातकतेचा अंदाज बांधू नये.)

आता मृत्यू नेमका होतो कसा ते पाहू, कारण पुढचे सारे म्हणणे त्यावर उभे आहे. हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल किंवा तत्सम वेदनाशामक गोळ्या मेंदूतल्या ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या ज्या ठिकाणी असे पदार्थ चिकटतात त्यांवर, काम करतात, त्यांतले काही श्वासावर नियंत्रण ठेवणाऱ्या भागातही असतात. मात्रा वाढत गेली की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हाक मारल्यावर प्रतिसाद येईनासा होतो, श्वासांतले अंतर वाढत जाते, घशातून घोरण्यासारखा घरघर आवाज येऊ लागतो आणि ओठ व नखे निळसर पडतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटते की गडी गाढ झोपला आहे. प्रत्यक्षात मेंदूला प्राणवायू मिळणे थांबलेले असते आणि हाताशी अवघी काही मिनिटे असतात. दीर्घकाळ घेणाऱ्याचे शरीर मात्र हळूहळू सरावते, आणि नवख्याला जागच्या जागी मारील एवढी मात्रा तो रोज पचवतो. हा सराव नशा थांबताच ओसरू लागतो. काही दिवसांत बराचसा आणि काही आठवड्यांत जवळपास सगळा. तलफ मात्र इतक्या झटपट ओसरत नाही. जुनी मात्रा हाताला पाठ असते आणि शरीर नव्याने कोवळे झालेले असते. अशा अवस्थेत घेतलेला पहिला डोस हा त्याच्या साऱ्या व्यसनकाळातला सर्वांत धोक्याचा डोस असतो.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अंमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका त्या राज्यातल्या सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत १२९ पट होता. लंडनमधला २००३ चा एक अभ्यास लहान आहे, पण त्याने माझी झोप अधिक उडवली. अफूवर्गीय व्यसनासाठी रुग्णालयात दाखल होऊन शरीरातला अंमल उतरवून घेणाऱ्या १३७ रुग्णांचा त्यात मागोवा घेतला होता. त्यानंतरच्या वर्षभरात अतिमात्रेने जे तीन मृत्यू झाले, ते तिन्ही उपचार नीट पूर्ण करून घरी गेलेल्यांमधले होते. अर्धवट सोडून पळालेल्यांत असा एकही मृत्यू नव्हता. ज्या रुग्णाला केंद्राने आपल्या यशाच्या रकान्यात लिहिले, तोच अधिक धोक्यात होता. तीन ही संख्या लहान आहे आणि तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये हे मान्य. पण ती इतर पुष्कळ अभ्यासांच्या दिशेनेच बोट दाखवते.

सरावाचा संबंध जागेशीही असतो, हे कमी जणांना ठाऊक असते. शेपर्ड सीगल या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना तीच मोठी मात्रा नेहमीच्या जागी दिली तेव्हा सुमारे एक तृतीयांश मेले. अनोळखी जागी दिली तेव्हा त्याच्या दुप्पट मेले. नेहमीच्या जागेच्या खाणाखुणा दिसताच शरीर येणाऱ्या आघाताची तयारी करते, अनोळखी जागी ती तयारी होत नाही. घरच्यांच्या धाकाने एखादा तरुण जेव्हा परक्या स्वच्छतागृहात, दाराला कडी लावून, एकटाच आणि घाईघाईने घेतो, तेव्हा धोक्याची किती कारणे एकाच जागी जमा होतात याचा विचार करावा.

आता आपल्या संस्था या काळात काय करतात ते पाहू. तुरुंगातून माणूस सुटतो तेव्हा त्याच्या हाती सुटकेचा कागद असतो, औषध नसते. अनेक निवासी केंद्रांचा नियमच असा की, लघवीच्या तपासणीत नशा आढळली की त्याच दिवशी नाव कमी करायचे. दम्याचा झटका आला म्हणून दम्याच्या रुग्णाला कुणी रुग्णालयातून काढून टाकत नाही. दमा आणि उच्च रक्तदाबाप्रमाणेच व्यसनातही उपचारांनंतर आजार उलटण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास राहते, असे व्यसनाचे अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तरी व्यसनाच्या बाबतीत मात्र आजाराचे लक्षण हाच शिस्तभंग ठरतो. न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार घेणाऱ्याने पुन्हा नशा केली तर तो थेट कोठडीत जातो. तिथे काही आठवडे काढून, सराव घालवून, तो पुन्हा त्याच रस्त्यावर येतो.

घरच्यांचे काय? त्यांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. ज्यांनी दागिने गहाण टाकून उपचार केले, खोटी वचने ऐकली, कपाटातून नाहीशा झालेल्या वस्तूंचा हिशेब मनातल्या मनात केला, ते ‘पहिले पाढे पंचावन्न’ म्हणून कपाळाला हात लावतात तेव्हा त्यांचा थकवा खरा असतो. त्यांना सल्लाही बहुधा असाच मिळतो की आता त्याला सोडून द्या, तळ गाठू द्या, मग आपोआप वर येईल. दारूच्या व्यसनात, जिथे ऱ्हास वर्षानुवर्षे चालतो, तिथे या सल्ल्यात निदान काही वेळ हाती असतो. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढी मात्रा जीव घेऊ शकते अशा फेंटानिलच्या काळात तळ गाठण्याचा अर्थ बऱ्याचदा स्मशान एवढाच उरतो. घराने पैसे देणे थांबवावे, दारे-कुलपे सांभाळावीत, खोटे पांघरूण घालू नये. हे सगळे करताही बोलणे चालू ठेवता येते. ज्या कुटुंबांना धमकी आणि उपदेश यांच्या जागी संवादाचे प्रशिक्षण दिले गेले, त्यांच्या घरातली माणसे उपचाराला येण्याचे प्रमाण अधिक असते, असे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे.

या साऱ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: सोडणे हे एकदाच करायचे कृत्य आहे आणि त्याला लागते ती इच्छाशक्ती. पंधरा दिवसांचा जांभयांचा, वाहत्या नाकाचा, अंगावरच्या काट्याचा, पोटात पिळवटून येणाऱ्या कळांचा आणि जागरणांचा काळ पार केला की माणूस मोकळा झाला, असे मानले जाते. अंमल उतरणे हा उपचाराचा सर्वांत दृश्य भाग आहे, म्हणून तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खरे तर अफूवर्गीय व्यसनात तो भाग यातनामय असला तरी सहसा प्राणघातक नसतो. (दारूच्या बाबतीत मात्र तो प्राणघातक ठरू शकतो. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय एकाएकी थांबणे धोक्याचे आहे, आणि झोपेच्या व चिंतेवरच्या काही गोळ्यांबाबतही तेच.) खरी लढाई त्यानंतर सुरू होते. मेंदूतल्या बक्षीस ओळखणाऱ्या यंत्रणेने एक विशिष्ट गल्ली, एक विशिष्ट मित्र, पगाराचा दिवस, अगदी चुरगळलेला चांदीचा कागद यांची सांगड नशेशी इतकी घट्ट घातलेली असते की, वर्षभराने तो कागद दिसला तरी छातीत धडधड सुरू होते. कळते पण वळत नाही, असे आपण एरवी सहज म्हणतो. येथे ते शरीरशास्त्रीय सत्य असते. निर्णय घेणारा भाग शाबूत असतो, पण त्याचे ऐकणारा भाग दुसऱ्याच कुणाच्या तालावर चालत असतो.

परिस्थिती बदलली तर मात्र ही सांगड सैल होते, आणि त्याचा नामांकित पुरावा युद्धातून आलेला आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांत हेरॉइन पसरल्याचे १९७१ मध्ये उघड झाले, तेव्हा व्यसनींची फौजच मायदेशी येणार अशी धास्ती घेतली गेली. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. तिथे असताना सुमारे पाचांतला एक सैनिक व्यसनाधीन झाला होता. पण त्या व्यसनाधीनांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले सुमारे पाच टक्केच निघाले. ज्या जगात ती सवय लागली ते जग मागे पडले होते, आणि समोर घर, काम व वेगळी माणसे होती. आपण उपचार घेतलेल्याला नेमके उलट करतो. त्याला नेतो दूरच्या केंद्रात, भिंतींच्या आत, जिथे त्या खाणाखुणा नाहीतच. आणि मग सोडतो थेट त्याच गल्लीत, हाती काम नसताना.

औषधांविषयी बोलताना मी जास्त ठाम आहे, कारण येथे पुरावा भक्कम आहे. मेथाडोन या औषधाचा नियमित उपचार डोल आणि नायस्वांडर या डॉक्टरांनी १९६५ मध्ये न्यूयॉर्कमधून मांडला. त्यानंतर बुप्रेनॉर्फिन आले. दोन्ही औषधे त्याच ग्राहींवर बसतात, पण संथपणे आणि दीर्घकाळ. त्यामुळे तलफ शमते, झिंग चढत नाही आणि शरीराचा सरावही टिकून राहतो. उपचारात असेपर्यंत मृत्यूचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. फ्रान्सने १९९५ नंतर साध्या कौटुंबिक डॉक्टरांनाही बुप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मोकळीक दिली, आणि पुढच्या चार वर्षांत हेरॉइनच्या अतिमात्रेचे मृत्यू सुमारे चार पंचमांशांनी घटले. जो आक्षेप नेहमी घेतला जातो, की ही तर एका नशेच्या जागी दुसरी नशा, तो ऐकायला बिनतोड वाटतो. पण सकाळी खिडकीशी रांगेत उभे राहून, परिचारिकेसमोर मात्रा घेऊन, तिथून कामावर जाणारा माणूस आणि दिवसाचा प्रत्येक तास पुढच्या पुडीच्या शोधात घालवणारा माणूस यांच्यात ज्याला फरक दिसत नाही, त्याला शुद्धतेची काळजी अधिक आहे आणि जिवाची कमी. औषध शरीराला लागते हे खरे. औषधावाचून शरीर चालत नाही अशा आजारांची यादी मोठी आहे आणि त्यांतल्या कुणाही रुग्णाला आपण व्यसनी म्हणत नाही. या औषधांचा गैरवापर होतो, ती काळ्या बाजारात विकली जातात, हेही खरे. त्यावर उपाय देखरेख हा आहे. ती बंद करणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

कोकेन आणि मेथॲम्फेटामाइनच्या व्यसनावर मात्र असे औषध अद्याप हाती आलेले नाही. तपासणी स्वच्छ निघाली की लगेच छोटेसे बक्षीस देणारी वर्तनोपचाराची पद्धत तिथे सर्वाधिक परिणामकारक ठरली आहे, आणि ‘नशा न केल्याबद्दल बक्षीस कसले?’ या नैतिक रागापायी तीच सर्वांत कमी वापरली जाते.

मग पुरवठाच का तोडू नये? तोडता आला तर उत्तमच. अफगाणिस्तानात तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूच्या लागवडीवर बंदी घातली आणि पुढच्या हंगामात लागवड ९५ टक्क्यांनी घटली. जप्ती आणि धाडींनी इतका मोठा परिणाम कुठे साधल्याचे उदाहरण विरळाच. पण अफूच्या शेताला जमीन, पाणी आणि ऋतू लागतो, तर फेंटानिल किंवा नायटाझीन या कृत्रिम पदार्थांना एक खोली आणि काही रसायने पुरतात. जिथे नैसर्गिक हेरॉइन आटते तिथे ही रसायने शिरण्याचा धोका असतो आणि ती पूर्वीच्या मालाहून कितीतरी घातक असतात. वापरणाऱ्याला शिक्षा करण्याचे उदाहरण तर अधिकच निराशाजनक आहे. पकडला गेलेला छोटा सेवनकर्ता तुरुंगात सराव गमावतो, बाहेर येऊन कामाला मुकतो आणि वर वर्णिलेल्या त्या दोन आठवड्यांत जाऊन पडतो. पुरवठादाराची साखळी तेवढ्यात दुसरा हात शोधते. हे साप समजून भुई धोपटणे झाले.

शिक्षा काढून टाकली की प्रश्न सुटला असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. पोर्तुगालने २००१ मध्ये दहा दिवसांच्या वापराइतका साठा बाळगणे गुन्ह्यातून वगळले. त्याची वाहवा होते, पण त्याच वेळी तिथे उपचारांचे जाळे वाढवले गेले आणि पकडलेल्या प्रत्येकाला तीन जणांच्या मंडळापुढे बसवून उपचाराकडे वळवण्याची सोय उभी राहिली, हे सांगायचे राहून जाते. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने २०२० च्या मतदानात शिक्षा काढली, पण उपचारांची सोय मागेमागे रखडत आली. हातात दिलेल्या दंडाच्या चिठ्ठीवरचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक फारच थोड्यांनी फिरवला, आणि २०२४ मध्ये राज्याने तो निर्णय मागे घेतला. दरवाजा उघडला, पण पलीकडे खोलीच बांधलेली नव्हती. त्या काळात फेंटानिलही त्या भागात नव्याने पसरत होते, त्यामुळे सारे खापर कायद्यावर फोडणेही बरोबर नाही.

‘सगळे मेंदूवर आणि व्यवस्थेवर ढकलले तर माणसाची स्वतःची जबाबदारी कुठे राहिली?’ हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. नशेच्या पायी केलेल्या चोरीची, मारहाणीची, बेफाम गाडी चालवून घेतलेल्या जिवाची जबाबदारी त्याचीच आहे, आणि आजार ही तिथे पळवाट होऊ नये. बरे होण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. गोळी त्याच्या वतीने दुसरा कुणी गिळू शकत नाही. पण जबाबदारी पार पाडायला माणूस आधी जिवंत असावा लागतो आणि त्याला परत यायला जागा असावी लागते. ज्याला ठाऊक आहे की घसरल्याचे सांगितले तर केंद्रातली खाट जाईल, तो घसरल्याचे सांगणारच नाही. तो लपवील, एकटा घेईल, आणि एकट्याने घेतलेल्या डोसानंतर हाक मारायला कुणी नसते. प्रामाणिकपणाला शिक्षा ठेवून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे हे कुठल्या जबाबदारीच्या तत्त्वात बसते?

स्कॉटलंडने २०११ पासून तुरुंगातून सुटणाऱ्या, अफूवर्गीय व्यसनाच्या जोखमीतल्या लोकांच्या हाती नॅलोक्सोनचा संच द्यायला सुरुवात केली. नॅलोक्सोन हे अफूवर्गीय पदार्थाला ग्राहींवरून हुसकून लावणारे औषध आहे. स्नायूत टोचा किंवा नाकात फवारा, दोन-तीन मिनिटांत थांबत आलेला श्वास सुरू होतो. ते ज्याच्या शरीरात हा पदार्थ नाही त्याला अपाय करत नाही आणि त्याची झिंगही येत नाही, त्यामुळे साशंक मनाने दिले तरी बिघडत नाही. त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो, म्हणून शुद्धीवर आलेला माणूस ‘मला काही झाले नाही’ म्हणत उठून जाऊ लागला तरी त्याला एकटे सोडायचे नसते आणि रुग्णवाहिका बोलवावीच लागते. पुढच्या तीन वर्षांत, स्कॉटलंडमधल्या अफूवर्गीय मृत्यूंपैकी सुटकेनंतरच्या चार आठवड्यांत होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. अर्थात स्वतःवर फवारा मारायला बेशुद्ध माणूस उठत नाही. तो संच घरातल्या, खोलीतल्या किंवा रस्त्यावरच्या सोबत्याच्या हाती असावा लागतो, आणि त्यासाठी घसरणे हा शब्द घरात मोठ्याने उच्चारता यावा लागतो.

प्रत्येक उपचार केंद्राला आणि तुरुंगाला यासाठी तीन गोष्टी सक्तीच्या करता येतील. अफूवर्गीय व्यसन असलेल्या कुणालाही चालू औषधाशिवाय आणि पुढच्या भेटीच्या ठरलेल्या तारखेशिवाय बाहेर सोडू नये. त्याला आणि त्याच्या घरच्यांना सराव ओसरल्याचा धोका स्पष्ट शब्दांत समजावून नॅलोक्सोन हाती द्यावे. आणि पुन्हा नशा आढळली म्हणून कुणाचे नाव कमी करू नये. उपचार बदलावा, मात्रा तपासावी, भेटी वाढवाव्यात. त्याचबरोबर केंद्रांना मिळणारा निधी ‘इतक्यांनी कोर्स पूर्ण केला’ या आकड्यावरून ठरवणे थांबवून, वर्षभराने त्यांच्यापैकी किती जिवंत आहेत आणि किती अजून संपर्कात आहेत, हे विचारून ठरवावा. बऱ्याच केंद्रांकडे आज या प्रश्नाचे उत्तर नोंदलेलेच नसते, कारण ते त्यांना कुणी विचारलेले नाही.